खलित्यावरील मोहोर

केबलच्या दूरचित्रवाणीचे जाळे ज्या काळात गावोगावी पसरले, त्या काळात केबलवाल्यांच्या गच्च्यांवर आठ-आठ, बारा-बारा फूट व्यासाच्या जाळीदार डिश उभ्या राहिल्या. लोकांनी त्यांना ‘छत्री’ म्हटले, आणि परिभाषा-समितीच्या दप्तरातून आलेल्या कोणत्याही शब्दापेक्षा हे नाव अधिक अन्वर्थक ठरले. फरक इतकाच की ही छत्री उलटी धरलेली असते, आणि वरून जे पडते ते अडविण्याऐवजी गोळा करते. पुढे घरोघरी परातीएवढ्या लहान डिश आल्या, त्यांच्यामागून इंटरनेटच्या तारा आल्या, आणि त्या थोरल्या छत्र्या गंजत, कबुतरांना आश्रय देत, अखेर भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊन बसल्या. पुण्यातील माझ्या एका स्नेह्यांनी अशीच एक आठ फुटी छत्री किलोच्या भावाने खरेदी करून आपल्या गच्चीवर चढविली, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांच्या निवृत्तीच्या वयाकडे बोट दाखवून जे म्हणायचे ते म्हणून घेतले. छत्रीच्या नाभीशी त्यांनी तांब्याच्या नळीचा एक आखूड भोंगा बसविला होता, भोंग्याच्या पाठीशी संकेत वाढविणारी काडेपेटीएवढी एक डबी होती, आणि तेथून निघालेली तार जिन्यातून खाली उतरून त्यांच्या अभ्यासाच्या खोलीतील संगणकात शिरत होती. २०२५ च्या जानेवारीत, मंगळ सूर्याच्या बरोबर समोर येऊन पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ रात्रभर तळपत असताना, त्यांनी मला गच्चीवर बोलावले.

“आधी भोंग्यापुढे तळवा धरा बघू,” ते म्हणाले.

मी हात धरला, आणि संगणकाच्या पडद्यावरील गोंगाटाची रेघ ठळकपणे वर चढली. हात काढताच ती पूर्ववत खाली आली. सृष्टीतील प्रत्येक उष्ण पदार्थ आपल्या उष्णतेच्या मानाने रेडिओ लहरींची एक अखंड कुजबुज करीत असतो, आणि माणसाचा तळहात हा, अतिथंड आकाशाच्या तुलनेने पाहता, एक धगधगता निखाराच होय. भिंत, झाडे, जमीन, एवढेच काय, पण संकेत वाढविणारी ती डबीसुद्धा, आपापल्या परीने याच गोंगाटात भर घालीत असतात. दूरच्या अवकाशयानाचा आवाज ऐकणे म्हणजे आवाज मोठा करणे नव्हे. तो कितीही मोठा केला तरी गोंगाटही त्याबरोबर तितकाच मोठा होतो. खरी विद्या आहे ती गोंगाट कमी करण्याची, आणि जो उरेल त्याला बारीक चाळणीतून गाळण्याची.

ती चाळणी त्यांनी मला खोलीत नेऊन दाखविली. पडद्यावर निळसर ठिपक्यांचा एक पट संथपणे खाली सरकत होता. हॅम, म्हणजे हौशी रेडिओ-मंडळी, याला ‘वॉटरफॉल’ म्हणतात: आडव्या दिशेने वारंवारता, उभ्या दिशेने काळ, आणि ठिपक्याच्या तेजावरून संकेताचे बळ. त्या निळ्या पावसाच्या मधोमध एक पांढरी, केसाएवढी, किंचित वाकडी रेघ उमटत होती. मंगळाभोवती २००६ पासून फिरणाऱ्या ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ या अमेरिकी यानाची ती वाहक लहर होती. सुमारे दहा कोटी किलोमीटरांवरून, साडेपाच मिनिटांचा प्रवास करून, ती गच्चीवरच्या त्या भंगारातल्या छत्रीत पडत होती. रेघ वाकडी का, तर यान मंगळाभोवती फेरी घालताना कधी आपल्याकडे येते, कधी दूर जाते, आणि आगगाडीच्या शिटीचा सूर जसा येताना चढतो व जाताना उतरतो, तशी त्याच्या लहरीची वारंवारता चढते-उतरते. आम्ही पाहत असतानाच ती रेघ एका क्षणी कापल्यासारखी तुटली. “गेले मंगळाआड,” स्नेही म्हणाले, आणि त्यांनी रोजनिशीत वेळ टिपली. त्या यानाची एक फेरी सुमारे ११२ मिनिटांची. ते पुन्हा उगवेपर्यंत वहिनींनी आणलेला चहा निवांतपणे संपविण्याइतका अवधी होता. दुर्बिणीतून मी मंगळ अनेकदा पाहिला आहे. परंतु तो भरीव आहे, त्याच्याआड एखादी वस्तू जाऊ शकते व पुन्हा बाहेर येऊ शकते, याची इंद्रियगोचर खात्री मला त्या तुटलेल्या रेघेने प्रथम दिली.

हे कसे शक्य होते, हा प्रश्न कोणासही पडेल, आणि त्याचे उत्तर पेढीवरील जमाखर्चासारखे मांडता येते. अवकाश-संदेशवहनाचे अभियंतेही आपल्या भाषेत त्याला हिशेबाचेच नाव देतात. जमेच्या बाजूस यानाच्या प्रक्षेपकाची शक्ती, त्याच्या डिशची एकाग्रता आणि आपल्या छत्रीचे क्षेत्रफळ. खर्चाच्या बाजूस अंतर, आणि अंतर हा मोठा उधळ्या गडी, कारण ते दुप्पट झाले की संकेत चौथाई होतो. मंगळाभोवतीच्या त्या यानाचा प्रक्षेपक शंभर वॅटचा आहे, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतका. पण ती शक्ती तीन मीटरांच्या डिशने एका अरुंद झोतात कोंबलेली असते. आता याच हिशेबात ५ सप्टेंबर १९७७ रोजी उडालेले ‘व्हॉयेजर-१’ घाला. प्रक्षेपक वीसेक वॅटचा, डिश ३.७ मीटरची, आणि अंतर आजमितीस सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर. प्रकाशालाही तेथून येथे यावयास तेवीस तास लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे काल दुपारी जेवायला बसताना निघालेला संकेत आज जेवणवेळेपूर्वी जेमतेम पोहोचतो असे म्हणता येईल. इतक्या दूरवर तो झोत पसरून वीसेक कोटी किलोमीटर रुंद होतो, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांमधील अंतराहूनही रुंद. साहजिकच संकेत जेव्हा पृथ्वीकडे रोखलेला असतो, तेव्हा व्हॉयेजर क्षितिजाच्या वर असलेल्या प्रत्येक गच्चीवर, कौलावर, शेतावर तो सारख्याच निष्पक्षपातीपणाने पडत असतो. किती पडतो? एका वॅटचे सहा कोटी कोटी कोटी भाग केले, तर त्यांतील एखादा भाग एका चौरस मीटरच्या वाट्यास येतो. मंगळाच्या त्या यानाच्या मानाने हे दोनेक लाख पट क्षीण झाले. माझ्या स्नेह्यांच्या छत्रीला ते झेपण्यासारखे नाही, आणि तसा दावाही त्यांनी कधी केला नाही.

परंतु छत्री मोठी असेल तर? येथे एक बारकावा आहे, आणि या साऱ्या उद्योगाची किल्ली त्यातच आहे. यानाचा संदेश दोन अंगांचा असतो: एक वाहक लहर, म्हणजे एकच एक शुद्ध सूर, आणि दुसरे त्या सुरावर चढविलेले अंक, म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. मजकूर वाचावयाचा तर प्रत्येक अंक गोंगाटातून वेगळा ओळखता आला पाहिजे, आणि व्हॉयेजर सेकंदास १६० अंकांच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने मुंगीच्या पावलांनी, जरी बोलत असले तरी त्यासाठी नासाच्या सत्तर मीटरांच्या, किंवा जोडून वापरलेल्या चौतीस मीटरांच्या, डिशच लागतात. शुद्ध सुराची गोष्ट निराळी. त्याचे सारे बळ एकाच वारंवारतेवर एकवटलेले असते. आपली चाळणी एका हर्ट्झइतकी बारीक करावी, तास-तासभर धीर धरावा, आणि त्या अवधीतील गोंगाटाची सरासरी काढावी. गोंगाट लहरी असल्यामुळे स्वतःचाच नाश करून घेतो, सूर मात्र साठत जातो. जुन्या काळी दरबारातून जासूद खलिता घेऊन निघे, आणि वाटेतल्या चौकीवरच्या शिपायास आतला मजकूर कळण्याचे कारण नसे. पण लाखेवरची मोहोर पाहून खलिता कोणाचा व कोठून आला हे तो निःशंक सांगू शके. दूरच्या अवकाशातील याने ऐकणाऱ्या हौशी श्रोत्याचे स्थान बरेचसे त्या शिपायासारखे आहे. मोहोर पाहणे हा त्याचा हक्क, आणि आजवरचा इतिहास सांगतो की पुष्कळदा तेवढेच महत्त्वाचे ठरले.

अर्थात मोहोर खोटी नाही हे सिद्ध करावे लागते, कारण शहरातल्या कुठल्याही उपकरणाचा एखादा चुकार सूर पडद्यावर तशीच रेघ उमटवू शकतो. कसोट्या दोन आहेत. पहिली गावठी, पण अमोघ: छत्री किंचित बाजूला वळवावी, आकाशातला सूर असेल तर रेघ पुसली जाते, शेजारच्या घरातला असेल तर निर्लज्जपणे टिकून राहते. दुसरी गणिती. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदास तीस किलोमीटर वेगाने धावते, शिवाय स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ८.४ अब्ज हर्ट्झवर बोलणाऱ्या यानाचा सूर वर्षाच्या ओघात आठ लाख हर्ट्झपर्यंत इकडे किंवा तिकडे सरकलेला आढळतो, आणि एकाच रात्रीतही पृथ्वीच्या परिवलनाने हजारो हर्ट्झ घसरतो. यानाची कक्षा ठाऊक असल्यास अमुक ठिकाणी अमुक मिनिटाला तो कोठे असावा हे आधीच काढता येते. ती घसरण वजा करून रेघ सरळ उभी राहिली, तर मोहोर खरी.

याच रीतीने ३१ मार्च २००६ रोजी जर्मनीतील बोखुम येथील वीस मीटरांच्या डिशवर ‘अॅमसॅट-डीएल’ या हौशी संस्थेच्या सभासदांनी व्हॉयेजर-१ ची वाहक लहर पकडली. तेव्हा यान सुमारे दीड हजार कोटी किलोमीटरांवर होते. डिसेंबर २०२४ मध्ये नेदरलँड्समधील ड्विंगेलू येथील पंचवीस मीटरांच्या रेडिओ दुर्बिणीने तेच केले, आणि तोपर्यंत यान हजार कोटी किलोमीटर आणखी पुढे गेले होते. ड्विंगेलूची हकिगत मला विशेष हृद्य वाटते. १९५६ साली ती उभी राहिली तेव्हा हवी तशी वळविता येणारी जगातील सर्वांत मोठी रेडिओ दुर्बीण होती. पुढे तिचे दिवस फिरले, शास्त्रज्ञ नव्या उपकरणांकडे गेले, आणि राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळालेल्या त्या वृद्धेची देखभाल आता स्वयंसेवक करतात. तिची जाळी फार लांब लहरींसाठी विणलेली, ८.४ अब्ज हर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र साडेतीन सेंटीमीटर, आणि इतक्या आखूड लहरी त्या जाळीच्या छिद्रांतून काही अंशी निसटून जातात. तरीही नवा भोंगा बसवून त्यांनी ती रेघ उमटविली.

हौशी आणि व्यावसायिक हा भेद या शास्त्रात मुळापासूनच पुसट आहे. आकाशातील रेडिओ लहरी ऐकण्यासाठी पहिली डिश बांधली ती कोण्या विद्यापीठाने नव्हे, तर ग्रोट रीबर या हॅमने, १९३७ साली, अमेरिकेतील व्हीटन गावी आपल्या घराच्या परसात. १९५७ च्या ऑक्टोबरात ‘स्पुटनिक’ उडाला, तेव्हा त्याच्या २० आणि ४० मेगॅहर्ट्झच्या वारंवारता सोविएत संघाच्या ‘रादिओ’ मासिकाने आधीच छापल्या होत्या. शीतयुद्धातील ते गुप्ततेचे राज्य आपल्या अतिमहत्त्वाच्या वस्तूचा पत्ता हौशी लोकांना कळवीत होते, यात विरोधाभास दिसतो. पण पराक्रमाला परका साक्षीदार हवा असतो, आणि जगभरच्या हॅमइतका निःस्पृह साक्षीदार कोठे मिळणार?

कधी कधी मात्र साक्षीदार नको असतानाच उभा राहतो. फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘लूना-९’ हे सोविएत यान चंद्रावर अलगद उतरले. इंग्लंडमधील जॉड्रेल बँकच्या शास्त्रज्ञांना त्याचा संकेत ऐकताना तो वृत्तपत्रांच्या छायाचित्र-प्रेषणासारखा वाटला. त्यांनी ‘डेली एक्स्प्रेस’ पत्राकडून तसले यंत्र मागवून घेतले, आणि चंद्राच्या पृष्ठावरील पहिले छायाचित्र मॉस्कोने प्रसिद्ध करण्यापूर्वी लंडनमध्ये छापून निघाले. लांबी-रुंदीचे प्रमाण अर्थातच ठाऊक नव्हते, म्हणून दगड ओढून ताणल्यासारखे दिसत होते. आता अशा अडचणी कमी झाल्या आहेत. अवकाशसंस्थांनी अंकांची मांडणी, त्यांचे सांकेतिकीकरण आणि चुका दुरुस्त करण्याच्या पद्धती यांविषयी आपसांत ठरवून उघड मानके प्रसिद्ध केलेली आहेत, आणि पुरेसा बळकट संकेत मिळाल्यास एखादा चिकाटीचा हॅम त्यातून अंकांच्या ओळी वेगळ्या काढू शकतो. कोणत्या अंकाचा अर्थ काय हे मात्र त्याला अजून बहुधा तर्कानेच शोधावे लागते.

परंतु या साऱ्या कथांमध्ये मला सर्वांत करुणरम्य वाटते ती ‘आयसी-३’ ची. १२ ऑगस्ट १९७८ रोजी उडालेले हे यान सूर्य आणि पृथ्वी यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या तोलबिंदूभोवती फिरणारे पहिले. पुढे रॉबर्ट फार्कर या कक्षातज्ज्ञाने चंद्राजवळून त्याला पुनःपुन्हा वळसे देववून, शेवटच्या खेपेस तर चंद्रपृष्ठापासून अवघ्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरून, एका धूमकेतूकडे धाडले, आणि ११ सप्टेंबर १९८५ रोजी ते जाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून पार झाले. धूमकेतूची भेट घेणारे ते पहिले यान. १९९७ मध्ये त्याच्या मोहिमेची दप्तरे बंद झाली, पण त्याच्या प्रक्षेपकाला ‘बंद हो’ हा हुकूम लागू झाला नाही. ते सूर्याभोवती फिरत, पृथ्वीच्या थोडे पुढे धावत, रिकाम्या अवकाशात आपला सूर आळवीत राहिले. फार्करच्या गणिताप्रमाणे ते २०१४ च्या ऑगस्टमध्ये चंद्रापाशी परत येणार होते. दरम्यान त्याच्याशी बोलू शकणारी प्रक्षेपण-यंत्रणा नासाने कालबाह्य म्हणून काढून टाकली होती. घरी परतलेल्या पाहुण्याने दारातून हाक मारावी आणि घरात त्याची भाषा जाणणारे कोणी उरले नसावे, अशी ती अवस्था.

२०१४ च्या मार्चमध्ये बोखुमच्या त्या वीस मीटरांच्या डिशने त्याची वाहक लहर ऐकली, आणि यान जिवंत असल्याची खबर पसरली. मग अभियंत्यांच्या आणि उत्साही मंडळींच्या एका गटाने लोकवर्गणी गोळा केली, जुन्या कागदपत्रांतून आज्ञांची भाषा पुन्हा जुळविली, नासाकडून रीतसर मंजुरी घेतली, आणि पोर्तो रिकोतील आरेसिबोच्या प्रचंड डिशवर आपला प्रक्षेपक बसवून २९ मे रोजी यानाशी दुतर्फा संभाषण सुरू केले. त्यांचा मुक्काम कॅलिफोर्नियात एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या उपाहारगृहात होता, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. २ जुलैस यानाची इंजिने सुमारे पावशतकानंतर पुन्हा पेटली आणि त्याची गिरकी हवी तशी वाढली. परंतु मार्ग बदलण्यासाठी ती दीर्घकाळ पेटविण्याची वेळ आली तेव्हा ती दमली. इंधनाला रेटणारा नायट्रोजन वायू बहुधा संपला होता. १० ऑगस्टला यान चंद्राजवळून गेले, सप्टेंबरच्या मध्यास संपर्क तुटला, आणि ते पुन्हा सूर्याभोवतीच्या लांब फेरीवर निघून गेले. ज्यांनी त्याला परत आणण्याचा घाट घातला त्यांना अपयश आले असे म्हणता येईल. ज्यांनी फक्त ऐकले त्यांचे काम मात्र मार्चमध्येच पुरे झाले होते.

ऐकण्यापलीकडे जाण्याची संधी हौशी लोकांना एकदा अगदी सरळ मार्गानेही मिळाली. चीनमधील हार्बिन येथील विद्यार्थ्यांनी बनविलेला ‘लाँगच्यांग-२’ हा चिमुकला उपग्रह २०१८ मध्ये चंद्राभोवती फिरू लागला. त्यात हॅमसाठी खास यंत्रणा ठेवलेली होती. २०१९ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या एका हॅमने आपल्या अँटेनांवरून त्याला छायाचित्र घेण्याची आज्ञा दिली, आणि ड्विंगेलूच्या म्हाताऱ्या डिशने ते उतरवून घेतले: पुढे चंद्राची पलीकडची बाजू, मागे निळी पृथ्वी.

आपल्याकडे खोडदचे नाव या संदर्भात घेतले पाहिजे. नारायणगावाजवळील जीएमआरटी ही पंचेचाळीस मीटरांच्या तीस डिशची विशाल दुर्बीण हौशी लोकांची नव्हे. पण एके दिवशी तिने केलेले जे काम मला आठवते ते जातीने याच कुळातले होते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘शियापरेली’ यान मंगळावर उतरत होते. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी काही वॅट, आणि तो संकेत मुळी पृथ्वीसाठी नव्हताच, तर मंगळाभोवतीच्या यानांसाठी होता. सुमारे पावणेदहा मिनिटांचा प्रवास करून आलेली ती परकी रेघ खोडदच्या पडद्यावर उमटली, वातावरणात शिरताना पुसट झाली, पुन्हा दिसली, आणि उतरण्याच्या वेळेच्या किंचित आधी थांबली. यान आदळून नष्ट झाल्याचे पुढे निश्चित झाले. मजकूर खोडदला वाचता येत नव्हता. खलिता कोठवर आला होता हे तेवढे त्या रेघेने त्याच क्षणी सांगितले.

आणखी एक गोष्ट आपल्या अक्षांशाविषयी. व्हॉयेजर-१ उत्तर गोलार्धातून दिसते, भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेने. पण त्याचे भावंड व्हॉयेजर-२ दक्षिणेकडे इतके खाली गेले आहे की बोखुम किंवा ड्विंगेलूच्या क्षितिजावर ते कधी उगवतच नाही, आणि त्याला आज्ञा देण्याचे काम ऑस्ट्रेलियातील कॅनबेऱ्याची सत्तर मीटरांची डिशच करू शकते. पुण्याहून मात्र ते दररोज काही काळ दक्षिण क्षितिजावर बारा-तेरा अंश वर येते. हे मी सांगितले तेव्हा माझ्या स्नेह्यांनी दक्षिणेकडे पाहिले. तिकडे नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतीची बारा मजली भिंत होती, आणि भिंत, आपण पाहिलेच, तळहातासारखीच उष्ण असते.

मंगळाची रेघ आम्ही त्या रात्री तीनदा तुटताना व तीनदा उमटताना पाहिली. एकदा तिने मध्येच एकदम बाजूला उडी मारली; पृथ्वीवरून पाठविलेल्या सुराला यानाने आपला सूर जुळवून घेतल्याची ती खूण, म्हणजे त्या क्षणी जगाच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी त्याच्याशी बोलत होते. पाचच्या सुमारास मंगळ पश्चिमेकडे उतरला आणि रेघ पुसट होऊ लागली. स्नेह्यांनी छत्री हलवून पाहिली, मग खिडकीतून डोकावले, आणि रोजनिशीत शेवटची नोंद केली: ‘पहाटे ५ वाजून ४ मिनिटे. यान मंगळाआड नाही. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीआड.’